तळ्याचा तळ उघडा पाडू नकोस

धाकटे, परवा फोनवर म्हणालीस, "हरभऱ्याला पाणी देऊन झालं ताई, आता मोटार बंद. शेततळं उपसून धुऊन घेऊ का?" तेवढ्यात फोन कटला आणि माझा जीव तिथंच अडकला. उपसू नकोस गं.

आम्ही ती चूक केली आहे. मार्गशीर्षातच तळं रिकामं केलं, गाळ काढला, छान पुसून घेतलं. आठ दिवसांनी रात्री वारा सुटला. सकाळी जाऊन बघते तर अस्तराचा प्लास्टिकचा कागद तळातून उचलून फुगलेला, आणि कोपऱ्यातला जोड हातभर उसवलेला. पाणी हेच कागदाचं वजन असतं. ते काढलं की वारा त्याखाली शिरतो, ऊन थेट खातं, कुत्री उतरतात. तुमच्याकडे तर पैनगंगेचं जंगल जवळ, रानडुकराचा एक खूर पुरे. पावसाळ्यानंतर जमीन ओली असते, तेव्हा खालून पाझरलेलं पाणीही रिकाम्या कागदाला वर ढकलतं. गाळ काढायचाच तर उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी वापरून संपल्यावर काढा.

आणि पाण्याचं मोल काय सांगू तुला? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तुमचं तळं तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. उतार धरून काठोकाठ बावीस लाख लिटरच्या आसपास बसतं. तशा चार गाड्या तुझ्या बांधावर उभ्या आहेत, बाई.

पण काठोकाठ ठेवू नकोस. दीड-दोन फूट काठ मोकळा असू दे. अवकाळी आला तर पाणी सांडव्याच्या पाइपातूनच जायला हवं, बांधावरून नाही. पाइपाच्या तोंडातला पाला आत्ताच काढ.

आता पातळीचं. थंडीतही रोज तीन-चार मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. तुमच्या तळ्यातून म्हणजे दिवसाला तीन हजार लिटर, तीन महिन्यांत फूटभर. एवढं उतरलं तर घाबरू नकोस. त्याहून जास्त उतरतंय असं वाटलं तर बादली लाव. तळ्याच्याच पाण्यानं बादली भर, वाळूच्या गोणीवर टेकवून अर्धी पाण्यात राहील अशी ठेव. गोणी आणि बादली दोन्ही दोरीनं कुंपणाच्या खांबाला बांध. आतल्या पाण्याची रेघ बादलीवर आतून मार, तळ्याच्या पाण्याची बाहेरून. एक दिवस, एक रात्र मोटार लावायची नाही, पाऊसही नको. दोन्ही रेघांखाली पाणी सारखंच उतरलं तर ती वाफ. बाहेरचं जास्त उतरलं तर कागद फाटलाय. कागदाच्या उतारावर मोजून मात्र फसू नकोस. तिथं एक सेंटीमीटर जवळपास दीड दिसतो.

गळतीचं भोक पाणीच दाखवतं. पाणी भराभर उतरत येऊन एका जागी मंदावलं, की त्या रेघेवरच चारही बाजूंनी हात फिरवून शोधा. भोक पाण्याबाहेर आलेलं असतं. जागा पुसून, कोरडी करून त्याच जातीच्या कागदाचा तुकडा कारागिराकडून गरम जोडून घ्या.

हे सगळं करताना तू एकटी उतरू नकोस, तेवढं माझं ऐक. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही, धरायला काही सापडत नाही. पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेव, हवा भरलेली एक ट्यूब पाण्यावर बांधून टाक, आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप. किल्ली खुंटीला नको, पोरांचे हात पोचतात.

माहूरच्या मातृतीर्थ कुंडाला पायऱ्या आहेत, पाणी खाली गेलं तरी माणूस उतरतो आणि चढतो. आपल्या तळ्याला पायरी नाही, म्हणून दोर.

दत्तजयंतीला तिथल्या दत्तशिखरावर येतेच आहे. गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्काम. तोवर दर सोमवारी पातळी वहीत मांडून ठेव. नायलॉनचा दोर इथून घेऊन येते, ट्यूब तेवढी तू बघून ठेव.