बिकिनीच्या पाण्याखाली

पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांत बिकिनी नावाचे एक कंकणद्वीप आहे. कंकणद्वीप कसे घडते, याची उपपत्ती डार्विनने १८४२ साली मांडली. ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रवाळ वाढतात; बेट सावकाश खचते, पण प्रवाळ वर वाढतच राहतात. अखेर मध्ये खारे सरोवर आणि भोवती प्रवाळांचे कडे उरते.

या सरोवरात अमेरिकेने १९४६ साली दोन अणुबाँब उडविले. १ जुलैचा हवेत, २५ जुलैचा पाण्याखाली. युद्धनौकांवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी नव्वदहून अधिक जहाजे तेथे नांगरली होती. दुसऱ्या स्फोटाने ‘सॅराटोगा’ ही विमानवाहू नौका बुडाली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या वेळी यामामोटोंची ध्वजनौका असलेली ‘नागाटो’ही काही दिवसांत तळाशी गेली.

१९९६ पासून ही जहाजे पाहण्यास हौशी पाणबुडे उतरू लागले. ही बुडी सोपी नव्हे. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. जहाजे सुमारे ५० मीटरांवर आहेत, म्हणजे दाब सहापट. तेथे श्वासातील नायट्रोजन रक्तात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आल्यास, सोड्याची बाटली फसफसावी तसे शरीरात बुडबुडे होतात व प्राणावर बेतते. म्हणून त्याला टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागते.

१ मार्च १९५४ रोजी येथेच १५ मेगाटनांच्या हायड्रोजन बाँबने सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे विवर पडले. आज त्या विवरातही प्रवाळ वाढले आहेत.

माणसे मात्र परतू शकली नाहीत. मानवजातीच्या कल्याणासाठी म्हणून १९४६ च्या मार्चमध्ये १६७ रहिवाशांना राँगेरिक बेटावर हलविले. तेथे त्यांची उपासमार झाली. १९७० नंतर काही कुटुंबे बिकिनीस परतली, परंतु १९७८ साली त्यांना पुन्हा उठविण्यात आले. कारण मातीत होते. किरणोत्सर्गी द्रव्ये समुद्राच्या पाण्यात विरळ होत जातात. जमिनीवर तसे होत नाही. प्रवाळापासून बनलेल्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून झाडे त्याच्याऐवजी तत्सम सीझियम शोषतात. ते नारळात उतरते आणि नारळातून माणसात.

२०१० साली युनेस्कोने बिकिनीला जागतिक वारसा ठरविले. बुडालेल्या नौकांची नावे जगाला ठाऊक आहेत. परंतु या वारशाचा खरा हिशेब मांडायचा, तर त्या १६७ माणसांपासूनच आरंभ केला पाहिजे.