खाण वाढण्यापूर्वी जमिनीची परीक्षा

वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस, बल्लारपूर व राजुरा आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी या परिसरात, कापूस व तूर पिकविणाऱ्या काळ्या जमिनीखाली दगडी कोळशाचे थर आहेत. उघड्या खाणीचा विस्तार करावयाचा म्हणजे प्रथम ही जमीन उकरून बाजूला काढणे आले. खाली कोळसा किती आहे हे ठरविण्यासाठी जागोजाग विंधणछिद्रे घेतली जातात. वरच्या दीड मीटर मातीची चौकशी मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर आटोपती घेण्याचा मोह होतो.

सात-बारा हा हक्काचा व पिकांचा अभिलेख आहे, मातीचा नव्हे. त्यातील 'जिरायत' या शब्दाचा अर्थ सिंचनाचे साधन नाही एवढाच. एकाच गावात दीड मीटर खोलीची भारी काळी जमीन जिरायत असते आणि वीतभर मातीखाली मुरूम लागणारी बरडीही जिरायतच असते. भारी काळ्या जमिनीच्या एक मीटर खोलीत पिकाला उपयोगी पडणारे साधारणतः १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठते. एका हेक्टरावरील १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर. म्हणजे हेक्टरी दीड-दोन हजार घनमीटर पाण्याचा हा साठा होय. त्याच ओलीवर रब्बीचा हरभरा उभा राहतो, पण कागदावर ना विहीर ना कालवा. विदर्भातील शेतकरी काळी, मोरंड, खरडी, बरडी असा भेद पूर्वापार करीत आले आहेत आणि जुन्या जमाबंदीनेही त्याची दखल घेतली होती.

विस्ताराच्या प्रकरणात आणखी एक फसगत संभवते. जुन्या खाणीलगतच्या शेतांवर तिचा परिणाम आधीच झालेला असतो. खाणीतील पाण्याच्या उपशाने विहिरी खोल जातात, धूळ कापसावर बसते, मातीच्या ढिगाऱ्यांमुळे नाल्याची वाट अडते आणि पावसाळ्यात पाणी शेतात तुंबते. जमीन जाणारच अशी कुणकुण लागली की कोणी बांधबंदिस्ती करीत नाही. काही गट पडीक राहतात. अशा वेळी मागील तीन-चार वर्षांच्या उत्पन्नावरून प्रत ठरविली, तर खाणीने केलेले नुकसान जमिनीच्या माथी मारले जाते. म्हणून उत्पन्नाचे आकडे दुय्यम समजून प्रत्यक्ष माती पाहिली पाहिजे.

ही पाहणी अवघड नाही. उंचसखलपणा व मातीचा रंग पाहून गावनकाशावर जागा निश्चित कराव्यात आणि तेथे दीड मीटर किंवा मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. प्रत्येक थराची खोली, चिकणमातीचे प्रमाण, ढेकळांची घडण, चुनखडीचे खडे, मुळे कोठवर गेली आहेत आणि पाण्याचा निचरा कसा आहे, हे नोंदवावे. सौम्य आम्ल टाकताच माती फसफसली तर चुना आहे असे समजावे. सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब यांसाठी थरवार नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. सर्व थरांची माती एकत्र कालवून पाठविलेला नमुना या कामी निरुपयोगी होय. खड्डे केवळ संपादनाच्या हद्दीत न घेता लगतच्या शेतांतही घ्यावेत. पुढे नुकसानीचा वाद उद्भवल्यास तुलनेला तोच आधार राहतो.

या नोंदींवरून जमिनीची क्षमता आठ वर्गांत ठरविली जाते. पहिले चार वर्ग लागवडीस योग्य मानले जातात. येथे अधिकाऱ्यांनी सावध राहावे. भारी काळी जमीन निचरा मंद व मशागतीस कठीण असल्याने बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गात बसते. अहवालातील 'तिसरा वर्ग' म्हणजे तिसऱ्या दर्जाची जमीन नव्हे. सुधारणेला कोठे मर्यादा पडतात याची ती खूण आहे.

पाहणीचा दुसरा उपयोग खाण सुरू झाल्यावर कळतो. वरचा ३० सेंटिमीटरचा थर हेक्टरी ३,००० घनमीटर भरतो. तो वेगळा काढून ठेवला नाही आणि खालच्या मुरमाशी व वालुकाश्माच्या चुऱ्याशी मिसळला, तर पुन्हा निवडता येत नाही. अमेरिकेच्या १९७७ च्या खाणकाम कायद्याने उत्तम शेतजमिनीचे थर निरनिराळे काढून क्रमाने परत बसविण्याचे आणि शेजारच्या अखंड जमिनीइतके पीक आल्याचे दाखविण्याचे बंधन खाणमालकावर घातले. मूळ थरांची नोंद नसेल तर असे बंधन कितीही कडक असले तरी मोजावयाचे कशाशी?

सरकारी कंपनीसाठी कोळसाक्षेत्र संपादन अधिनियम, १९५७ अन्वये जमीन घेतली जाते, तेव्हा कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत कलम ८ प्रमाणे हरकत घ्यावी लागते. तीस दिवसांत खड्डे, नमुने व अहवाल होणे कठीण. कलम ४ ची पूर्वेक्षणाची अधिसूचना प्रसिद्ध होताच ग्रामपंचायतीने कृषी विभागाकडे मृद परीक्षणाची मागणी करावी. एप्रिल-मे महिन्यांत शेते मोकळी असतात आणि भेगा किती खोल गेल्या हेही उघड दिसते. गटक्रमांक, तारीख व पंचांच्या सह्या असलेल्या खड्ड्यांच्या नोंदींची एक प्रत पंचायतीच्या दप्तरी आणि दुसरी शेतकऱ्याजवळ असावी.