प्रवासकाळात पोपटाची व्यवस्था

प्रवासाचा बेत ठरला म्हणजे कुटुंबात तिकिटे, सामान आणि घराची कुलपे यांचा विचार आठवडे आधी सुरू होतो. घरात पोपट असेल तर त्याचा विचार मात्र पुष्कळदा निघण्याच्या आदल्या दिवशी होतो. दोन वाट्या दाणा, एक वाटी पाणी आणि शेजाऱ्याला दिलेली किल्ली एवढ्याने सोय झाली असे मानले जाते. कुत्रा उपाशी राहिला तर भुंकतो, मांजर दाराशी येऊन ओरडते. पण संकटात सापडलेला पोपट बहुधा गप्प होतो. त्यामुळे त्याची व्यवस्था करताना अन्नपाण्याइतकेच महत्त्व पाहणाऱ्याच्या नजरेला द्यावे लागते. दाणा आणि पिंजरा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे सोपे असते. पक्ष्याविषयीची आपली माहिती त्याच्या स्वाधीन करणे, हाच या व्यवस्थेचा खरा भाग होय.

पाळीव पोपट कोणते?

पोपट म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा आणि गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला राघू उभा राहतो. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार राघू, पहाडी पोपट आणि इतर स्थानिक जातींचे पोपट पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे निषिद्ध आहे. असा पक्षी जखमी अवस्थेत सापडल्यास वनखात्याला कळविणे हाच योग्य मार्ग आहे. म्हणून येथील विवेचन परदेशी मूळ असलेल्या पाळीव जातींपुरते आहे.

यांत सर्वांत अधिक आढळणारा पक्षी म्हणजे ऑस्ट्रेलियातील बजरीगर. भारतीय बाजारांत तो पुष्कळदा ‘लव्हबर्ड’ या चुकीच्या नावाने विकला जातो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील असून त्यांची शेपूट आखूड असते. डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील हाही ऑस्ट्रेलियाचाच. याखेरीज काही घरांत आफ्रिकी राखी पोपट, मकाव आणि काकाकुवा पाळले जातात. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या परिशिष्टांत या मोठ्या पोपटांचा समावेश आहे. आफ्रिकी राखी पोपट २०१७ पासून त्यांपैकी सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी भारत सरकारने २०२४ मध्ये नोंदणीचे नियम केले. असा पक्षी काही दिवसांसाठी दुसऱ्याच्या घरी ठेवायचा असल्यास नोंदणीच्या कागदांची प्रत त्याच्याबरोबर असणे हिताचे असते.

पक्ष्याचा स्वभाव

निसर्गात बहुतेक पोपट थव्याने राहतात. थव्यातील जो पक्षी मंदावलेला किंवा आजारी दिसतो त्याच्यावर शिकारी पक्ष्याची नजर आधी जाते. यामुळे आजार शक्य तितका लपविण्याची प्रवृत्ती पोपटांत बळावलेली आहे. पिंजऱ्यातील पक्षी पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून तळाशी बसलेला दिसतो तेव्हा आजार पुष्कळदा बराच पुढे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या आकाराची. बजरीगराचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते. एवढ्या लहान शरीरात साठा थोडा आणि उष्णतेचा व्यय मोठा असतो. त्यामुळे एकदोन दिवसांची उपासमारही त्याच्या जिवावर बेतू शकते. सुमारे ४०० ग्रॅम वजनाचा राखी पोपट काहीसा अधिक तग धरतो, पण त्याचा प्रश्न वेगळा असतो. अमेरिकन संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून ॲलेक्स नावाच्या राखी पोपटाचा अभ्यास केला. २००७ मध्ये मरण पावेपर्यंत ॲलेक्सने वस्तूंची नावे, रंग, आकार आणि लहान संख्या ओळखण्याची क्षमता दाखविली. अशा बुद्धीच्या पक्ष्याला माणसातला फरक आणि दिनक्रमातला खंड जाणवल्याशिवाय राहत नाही. एकाकीपणा आणि कंटाळा असह्य झाल्यास असे पोपट स्वतःची पिसे उपटू लागतात, आणि ही सवय एकदा जडली म्हणजे सहजी सुटत नाही.

तीन मार्ग

पाळणाऱ्यापुढे सर्वसाधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला, पक्षी स्वतःच्या घरीच राहावा आणि कोणीतरी तेथे येऊन त्याची देखभाल करावी. यात पिंजरा, प्रकाश आणि आवाज ओळखीचे राहतात व इतर पक्ष्यांचा संसर्ग होत नाही. मात्र दिवसातून किमान दोन वेळा फेरी व्हायला हवी आणि दर वेळी काही काळ तेथे बसायला हवे. एकट्याने ठेवलेल्या पक्ष्याला याची गरज अधिक असते.

दुसरा मार्ग म्हणजे नातेवाइकांच्या किंवा स्नेह्यांच्या घरी पक्षी नेणे. माणसांची सोबत मिळते हा यातील लाभ. पण ते घर आधी पाहून घ्यावे. छताचा पंखा मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यासाठी प्राणघातक असतो. गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यापर्यंत मांजर, कावळे आणि उंदीर पोहोचतात. उत्तरेकडील अनेक शहरांत माकडेही पोहोचतात. स्वयंपाकघराजवळ पिंजरा मुळीच ठेवू नये. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे हवेतील विष त्यांच्या रक्तात फार वेगाने शिरते. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे जास्त तापले तर त्यातून निघणाऱ्या वायूने पोपट थोड्या वेळात मरू शकतो. त्याच खोलीतील माणसाला कदाचित काही जाणवणारही नाही. डासांच्या उदबत्त्या आणि कीटकनाशकांचे फवारे यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

तिसरा मार्ग पशुवैद्याच्या दवाखान्यात किंवा पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणी ठेवण्याचा. आजारी किंवा औषध चालू असलेल्या पक्ष्यासाठी तो कधी कधी उत्तम ठरतो. परंतु तेथे इतर पोपट असतील तर संसर्गाची विचारपूस अवश्य करावी. चोच आणि पिसे विरूप करणारा एक विषाणुजन्य रोग पिसांच्या धुळीतून व विष्ठेतून पसरतो आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. कुत्र्यामांजरांच्या खोलीतच पोपटाची सोय असेल तर ती नाकारावी. शिकारी प्राण्याचे सततचे दर्शन हेच त्याला आजारी करण्यास पुरेसे असते.

पूर्वतयारी

सांभाळणाऱ्या व्यक्तीची निवड किमान दोनतीन आठवडे आधी व्हावी. तिने दोनचार वेळा घरी येऊन, पाळणारा समोर असताना, स्वतःच्या हाताने वाट्या बदलाव्यात व तळाचा कागद काढावा. पक्षी तिच्या हाताला सरावतो आणि तिलाही पक्ष्याच्या खोड्या कळतात. पोपट चोचीने पिंजऱ्याची कडी उघडतात हे ज्याला ठाऊक नाही तो कडी नुसती अडकवून जातो. पक्षी दुसऱ्या घरी जाणार असेल तर त्याला तेथे एक रात्र ठेवून पाहावे. याच काळात अन्नात बदल करू नये.

या दिवसांत पक्ष्याचे वजन रोज सकाळी, अन्न देण्यापूर्वी, ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर नोंदवावे. नेहमीचे वजन किती हे लिहिलेले असले तरच घट ओळखता येते. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. बजरीगराच्या बाबतीत ही घट अवघ्या तीनचार ग्रॅमची असते. पिसांखाली ती डोळ्यांना दिसत नाही.

फोलपटांचा भ्रम

अननुभवी माणसाच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक अगदी साधी आहे. बजरीगर राळा किंवा बाजरीचा दाणा चोचीत सोलतो, आतील गर खातो आणि फोलपट पुन्हा वाटीत पडते. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. नवा माणूस ती पाहून समाधानाने परत जातो. दुसऱ्या दिवशीही तेच घडते. वाटीत प्रत्यक्षात एकही दाणा नसतो आणि भरलेल्या वाटीसमोर पक्षी उपाशी मरतो. सांभाळणाऱ्याच्या ठिकाणी दुष्टपणा किंवा आळस नसतो. त्याला फक्त कोणी सांगितलेले नसते. म्हणून वाटीवर फुंकर घालून फोलपटे उडवावीत आणि उरलेला दाणा पाहावा, ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. रोज वाटी रिकामी करून ताजा दाणा घालणे त्याहूनही चांगले.

पाण्याचेही असेच आहे. वाटीत विष्ठा पडते, फळाचा तुकडा बुडतो आणि उन्हाळ्यात ते पाणी काही तासांतच दूषित होते. नळीच्या भांड्यातील गोळी अडकली तर भांडे भरलेले दिसते, पण पाणी येत नाही. ती बोटाने दाबून पाहावी. चारपाच दिवसांचे अन्नपाणी एकदम ठेवून निघून जाणे कोणत्याही पोपटाच्या बाबतीत समर्थनीय नाही. पावसाळ्यात दमट झालेल्या दाण्याला बुरशी येते आणि तिच्यामुळे श्वसनाचा गंभीर विकार होतो. तेव्हा दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्यावा.

लेखी सूचना

तोंडी सांगितलेले विसरले जाते. एका कागदावर मोठ्या अक्षरांत पुढील गोष्टी लिहून तो पिंजऱ्याजवळ लावावा : अन्न कोणते, किती व केव्हा; वर्ज्य पदार्थ, विशेषतः अवाकाडो, चॉकलेट, चहा, कॉफी, खारे पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया; पिंजरा झाकण्याची व उघडण्याची वेळ, कारण पोपटाला दहा ते बारा तासांची शांत झोप लागते; नेहमीचे वजन; आणि पशुवैद्याचा पत्ता. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटून घेतात. त्यांच्यासाठी रात्री एक मंद दिवा असावा. दिवाळीच्या सुमारास प्रवास असेल तर फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद करून पक्ष्याला आतल्या खोलीत ठेवण्याची सूचना विसरू नये.

विष्ठा रोज पाहण्यास अवश्य सांगावे. तळाला साधा पांढरा कागद घातला की तिचा रंग व संख्या सहज कळते. ती एकाएकी कमी झाली तर पक्षी खात नाही असे समजावे. शेपूट श्वासाबरोबर वरखाली हलणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, आवाज बंद होणे आणि तळाशी बसणे ही धोक्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसल्यास मालकाच्या परवानगीची वाट न पाहता उपचार करण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला लेखी द्यावा व खर्चाची रक्कमही त्याच्याजवळ ठेवावी. ‘त्यांना विचारून मग नेऊ’ या संकोचात मौल्यवान तास निघून जातात.

सांभाळणाऱ्याच्या आरोग्याचा विचारही कर्तव्याचाच भाग आहे. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून ‘सिटॅकोसिस’ हा रोग माणसाला होऊ शकतो; १९२९-३० मध्ये विक्रीच्या पोपटांमार्फत तो अनेक देशांत पसरला होता. आज प्रतिजैविकांनी तो बरा होतो, पण त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते. कागद उचलण्यापूर्वी थोडा ओला करावा, हात धुवावेत, आणि ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला आल्यास घरात पोपट असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

परतल्यानंतर

घरी आल्यावर पक्षी लगेच आनंदाने जवळ येईलच असे नाही. काही पोपट दोनचार दिवस पाठ फिरवून बसतात, काही चावतात. त्यांच्यावर जबरदस्ती न करता पूर्वीचा दिनक्रम सुरू करावा व आठवडाभर वजन पाहत राहावे. इतर पक्ष्यांच्या सहवासात राहून आलेला पोपट घरातील दुसऱ्या पक्ष्यांपासून महिनाभर निराळ्या खोलीत ठेवणे श्रेयस्कर.

सांभाळणाऱ्याने लिहिलेल्या नोंदी जपून ठेवाव्यात. कोणत्या दिवशी पक्ष्याने कमी खाल्ले, कशाला तो घाबरला, कोणाच्या हातून त्याने फळ घेतले, ही माहिती पुढच्या प्रवासाच्या वेळी उपयोगी पडते. काही पोपट कित्येक दशके जगतात आणि राखी पोपट व मकाव यांची गणना दीर्घायुषी पक्ष्यांत होते. अशा पक्ष्याच्या आयुष्यात मालकाचा आजार, बदली किंवा मृत्यू यांमुळे दीर्घ विरहाचे प्रसंग येण्याचा संभव असतो. आठ दिवसांच्या सहलीसाठी तयार केलेला सूचनांचा कागद आणि पक्ष्याला ओळखणारा एक विश्वासू माणूस, या दोहोंचा खरा उपयोग कदाचित त्या वेळी होईल.