उंदीर आणि वावरातला ताप

उंदीर शेतकऱ्याचं किती खातो, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. तो ज्वारीचं कणीस तोडतो. हरभऱ्याचे घाटे बिळात ओढून नेतो. खातो त्याहून नासतो जास्त. पण या पाठात आपण धान्याची गोष्ट करणार नाही. उंदराच्या अंगावर कोण बसून येतं, आणि त्याच्यापासून माणसाला ताप कसा येतो, ते पाहू.

प्लेगाचं नाव तुम्ही जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलं असेल. १८९६ साली तो मुंबईत मांडवी भागात आला. पुढच्या काही वर्षांत तो वऱ्हाडातही पोहोचला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक समजून घेत. भांडीकुंडी उचलत आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. कोणी म्हणे हवा बिघडली, कोणी म्हणे देवीचा कोप झाला. खरं कारण ठाऊक नव्हतं. पण गाव सोडलेली माणसं वाचत, हे मात्र दिसत होतं.

हे कोडं कसं सुटलं? १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सांगितलं की, प्लेग पिसवांमुळे पसरतो. त्याचं म्हणणं पुष्कळांना पटलं नाही. मग १९०५ नंतर मुंबईत परळ येथे शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. जिथे प्लेगाच्या पिसवा होत्या, तिथे त्यांनी गिनीपिग नावाचे प्राणी पिंजऱ्यात घालून टांगले. काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर आणि काही दोन फुटांवर. हवा दोघांना एकच होती. पण दोन इंचांवरच्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे वाचले. पिसू काही दोन फूट उडी मारू शकत नाही! हवेचा दोष नाही, हे इतक्या साध्या युक्तीने कळलं.

आता पाहा. उंदीर प्लेगाने मेला, त्याचं अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडतात. त्यांना ऊन रक्त हवं असतं. उंदीर मिळाला नाही तर त्या माणसाला चावतात. म्हणून प्लेगाच्या गावात आधी पिसवा माराव्या लागतात, उंदीर मागून. नुसते उंदीर मारले तर उपाशी पिसवा आपल्याच अंथरुणात येतील.

प्लेग अगदी संपला असंही नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि सुरत शहरात तो दिसला, तेव्हा सुरतेतून लोक लोंढ्यांनी पळाले. आज प्लेगावर चांगली औषधं आहेत. मात्र ती वेळेवर पोटात जायला हवीत.

उंदरांचा असा अभ्यास आफ्रिकेतही पुष्कळ झाला आहे. तिकडे घरात आणि शेतात राहणारा एक उंदीर आहे. त्याची मादी एका वेळी दहा-बारा पिल्लं घालते. १९६९ साली नायजेरिया देशात लासा नावाच्या गावी एक नवा ताप दिसला. गावाच्या नावावरून त्याला लासा ताप म्हणू लागले. तो याच उंदरापासून येतो, हे काही वर्षांनी उमगलं. उंदीर धान्यात, भांड्यांत मुततो. त्यातून रोग माणसाकडे जातो. इथे पिसूचीसुद्धा गरज नाही.

टांझानिया देशात मोरोगोरो गावी शेतकीचं विद्यापीठ आहे. तिथले शास्त्रज्ञ शेतात पिंजरे लावतात. सापडलेला उंदीर तोलतात, खूण करून सोडून देतात, आणि महिन्याने पुन्हा पिंजरा लावतात. खुणेचे किती आले, नवे किती आले, हे लिहून ठेवतात. असं वर्षानुवर्षं! "उंदीर पकडून सोडून देणारी ही कसली शहाणी माणसं?" असं तुम्ही म्हणाल. पण त्यातून मोठी गोष्ट हाती लागली. हंगामाच्या सुरुवातीला भरपूर पाऊस झाला की उंदीर लवकर वितात, आणि पुढे शेतात त्यांचा सुळसुळाट होतो. म्हणजे पाऊस मोजून शेतकऱ्याला आधी सावध करता येतं. आणखी एक नवल असं की, उंदीर तोच असून टांझानियात लासा ताप नाही. एक उंदीर म्हणजे सगळीकडे एकच रोग, असं समजू नये.

आता आपल्या वावरात येऊ. २०१८ साली ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भात एका तापाने माणसं आजारी पडली. काही दगावली. त्या तापाचं नाव स्क्रब टायफस. पावसाळ्यात धुऱ्यावर गवत माजतं, झुडपं वाढतात. तिथे उंदरांची बिळं असतात. त्याच गवतात एक लाल कीडा राहतो, इतका बारीक की डोळ्याला नीट दिसत नाही. त्याचं पिल्लू एकदाच उंदराला किंवा माणसाला चिकटून पोट भरतं. रोगाचे जंतू या कीड्यात असतात आणि मादीकडून पिल्लांकडे जातात. उंदीर त्या पिल्लांना खाऊ घालतो आणि इकडून तिकडे नेतो.

निंदणाला गेलेली बाई, गवत कापणारा गडी, बांधावर बसून भाकर खाणारं पोर, यांना तो चावतो. चावलेलं कळत नाही. दहाएक दिवसांनी ताप भरतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. पुष्कळदा चावल्या जागी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. म्हणून ताप आलेल्या माणसाचं सगळं अंग पाहावं, लाजू नये.

गोचीड चावूनही असाच एक ताप येतो. त्यात तळहातांवर आणि तळपायांवरही लाल पुरळ उठतो. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा अभ्यास केला. कोणत्या लक्षणांवरून हा ताप लवकर ओळखावा, ते त्यांनी २०११ साली मांडलं. मोठ्या तपासण्या गावोगाव होत नाहीत, म्हणून अशा कामाचं मोल फार.

या दोन्ही तापांवर डॉक्सिसायक्लिन नावाचं औषध लागू पडतं. ते महाग नाही. मात्र किती आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर घाला पडतो. "उतरेल आपोआप" म्हणून आठवडा घालवला, तर मग औषधाचाही इलाज चालत नाही कधी कधी.

वावरात जाताना अंगभर कपडे घालावेत. गवतावर उघडं लोळू नये, धुतलेले कपडे झुडपावर वाळत घालू नयेत. घरी आल्यावर साबणाने आंघोळ करून कपडे बदलावेत. घराभोवतीचं गवत कापावं. मेलेला उंदीर हाताने उचलू नये. धामण दिसली तर मारू नये, ती आपलंच काम करते.

आणि ताप आला की डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात: मागच्या पंधरा दिवसांत कोणत्या वावरात, कोणत्या गवतात काम केलं, अंगावर खपली किंवा पुरळ आहे का, आणि घरात, शेजारी आणखी कोणाला ताप आहे का.