भिंतींआड हरवलेल्यांचा ठावठिकाणा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वूस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ रोजी एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. सहा मजल्यांच्या या इमारतीला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. आत बेघर माणसे अडकली असावीत, या समजुतीने अग्निशमन दलाचे जवान आत शिरले. धुरात दोघे वाट चुकले. त्यांनी बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. परंतु त्यांचे नेमके ठिकाण उमगेना. त्यांच्या शोधार्थ गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. ज्यांच्यासाठी हे धाडस केले, ती माणसे तर आधीच बाहेर पडली होती.

या दुर्घटनेनंतर त्याच शहरातील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने इमारतीच्या आतील जवानाचे स्थान ओळखण्याच्या संशोधनास हात घातला.

उपग्रह का अपुरे पडतात?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवितात. स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. मुळातच क्षीण असलेले हे संदेश काँक्रीट व लोखंड यांतून जाताना आणखी मंदावतात किंवा भिंतींवर आदळून आडवाटेने पोहोचतात. इमारतीत आधीच बसविलेल्या यंत्रणेवरही विसंबता येत नाही. आगीत वीजपुरवठा तुटतो आणि सैनिकाला तर अनोळखी वास्तूत शिरावे लागते. म्हणून स्थान सांगणारे साधन जवानाने स्वतःबरोबरच नेले पाहिजे.

तीन उपाय

पहिला उपाय म्हणजे बुटात गतिमापक बसविणे. प्रत्येक हालचाल मोजून यंत्र पुढील स्थान ठरविते. यात बारीक चुका साठत जातात. मात्र पाऊल जमिनीवर टेकताच त्याचा वेग क्षणभर शून्य होतो व त्या आधारे चूक आवरता येते.

दुसरा उपाय वायुभारमापकाचा. उंची एक मीटरने वाढली की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने घटतो. त्यावरून मजला ओळखता येतो. आगीच्या उष्णतेने दाब बदलत असल्याने येथेही सावधगिरी हवी.

तिसरा उपाय अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने ‘पॉइंटर’ या प्रकल्पात विकसित केला. त्यात बाहेर उभ्या असलेल्या वाहनातून मंद कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. ते भिंतींतून फारसे विचलित न होता पार जाते आणि जवानाजवळील ग्राहक यंत्र त्यावरून स्थान ठरविते.

मर्यादेचे भान

यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरेसा नाही. म्हणून ते परस्परांना पूरक म्हणून वापरणे इष्ट ठरते. आडव्या दिशेने दोन-तीन मीटरांची चूक एक वेळ निभावते, पण मजला चुकला तर सुटकेस गेलेले पथक भलत्याच ठिकाणी पोहोचते आणि श्वसनयंत्रातील मोजकी हवा व्यर्थ खर्च होते. यास्तव यंत्राने स्थानाबरोबर संभाव्य चूकही दाखविणे अगत्याचे आहे. आत जाणाऱ्यांची नोंद, जोडीने वावर आणि मार्गदर्शक दोर या जुन्या शिस्तीला पर्याय नाही. नवे साधन या शिस्तीस जोड देण्यासाठी आहे, तिची जागा घेण्यासाठी नव्हे.