खर्ड्याहून भंडारदऱ्याला, धाकट्याबरोबर

१. जिल्हा एकच आहे म्हणून गाव जवळ समजू नये. खर्डा अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, तर भंडारदरा पार वायव्येला. जामखेड सोडलं की आष्टी, कडा, म्हणजे चक्क बीड जिल्हा. आपल्याच जिल्ह्याचं ठिकाण गाठायला शेजाऱ्याच्या अंगणातून जावं लागतं. पुढे राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर. पहाटेच निघावं. भावाला उठवायचं काम मात्र आईवर सोपवावं, बहिणीला तो दाद देत नाही.

२. जायचं तर मेच्या अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला, पाऊस धरायच्या आत. तेव्हा हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. नर चमकून मादीला खुणावतो. गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी त्या खुणा पुसून टाकतात. शनिवार-रविवारी तिथे काजव्यांपेक्षा गाड्याच जास्त लुकलुकतात. आडवार गाठावा.

३. तंबू भंडारदरा धरणाच्या पाण्याला खेटून ठोकू नये, फोटोत कितीही छान दिसो. उन्हाळ्यात पाणी ओसरलेलं असतं आणि काठाला उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, आतून मऊ. त्यात खुंट्या धरत नाहीत, आणि संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो. थोडी वरची मुरमाड जागा बघावी.

४. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला कुठलंही पाणी आपलंच वाटतं. धरणाच्या काठाला पायऱ्या नसतात. उतार कुठे तुटतो ते वरून कळत नाही. धाकटा हट्टाला पेटला होता. ‘आईला फोन लावू का?’ एवढं विचारलं. पोरांचा बाप झाला तरी त्याच्यावर ही मात्रा चालते.

५. दुष्काळी गावच्या माणसाला पाणी नुसतं बघता येत नाही, तो लगेच मोजायला लागतो. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं; साठा सुमारे ११ टीएमसी. इथून सुटलेल्या आवर्तनांवर खाली संगमनेर, श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहिला. ‘ताई, यातलं थोडं आपल्याकडे वळवलं तर?’ धाकट्याचा प्रश्न. मी म्हटलं, प्रवरा गोदावरीला मिळते, आपलं पाणी सीनेतून भीमेला जातं. मध्ये अख्खा जिल्हा आडवा आहे. तरी तो बोटांवर टँकरचा हिशेब करत बसला.

चुलीवर आमचं जेवण रांधणाऱ्या मावशी ऐकत होत्या. ‘कुठलं गाव तुमचं?’ खर्डा म्हटल्यावर त्यांच्या मुलाला १७९५ची लढाई आठवली, मराठ्यांनी निजामाला हरवलं ती. शाळेत शिकला होता. मावशींना लढाईत रस नव्हता. ‘तुमच्याकडं पाणी न्हाई म्हणता. आमच्या दारात धरण हाय, पर मे लागला की वाडीतली हिर आटती. हंडा वरच्या झऱ्यावरनं आणावा लागतो.’ पाणी खाली, वाडी वर. चढवायला वीज आणि पैसा लागतो. धाकट्याची बोटं थांबली. सकाळी तो न सांगता मावशींच्या मुलाबरोबर झऱ्यावर गेला आणि दोन कळश्या भरून आला. घरी याला पाण्याची बाटलीही जागेवर आणून द्यावी लागते, हे मी मावशींना सांगितलं नाही.

६. ताटात भाकरी नाचणीची येईल किंवा तांदळाची. ज्वारीवर वाढलेल्या माणसाने नाक मुरडू नये. शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी आणि अर्धी मावशींना द्यावी. भावाच्या हाती डबा देऊ नये. आमचा राजूर यायच्या आत रिकामा झाला होता.

७. खर्चाचा हिशेब परतीच्या वाटेवर, नगरच्या अलीकडेच मिटवावा. घरी पोचल्यावर आई मध्ये पडते, ‘लहान आहे तो’ म्हणते, आणि डिझेलचे पैसे बुडतात.