माहिती कोणासाठी? : आटपाडीच्या निमित्ताने

आटपाडी तालुका अवर्षणप्रवण माणदेशातील. टेंभू उपसा सिंचन योजनेद्वारे या भागात कृष्णेचे पाणी आले आणि माहितीची एक नवी गरज निर्माण झाली. डाळिंबाच्या बागेचा ताण केव्हा तोडावयाचा, हे आवर्तनाच्या तारखेवर ठरते. ती तारीख आधी कळली तर नियोजन होते. पाणी सुटल्यावर कळली तर ती केवळ वार्ता ठरते.

माहितीव्यवस्थेचे मूल्यमापन येथून सुरू व्हावयास हवे. व्यवहारात मात्र संगणक किती बसविले, दाखले किती दिले, याचीच मोजदाद होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घातली, ही मोठीच गोष्ट होय. तथापि मुदतीत मिळालेल्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद चुकलेली असेल, तर कार्यालयाच्या लेखी काम संपते आणि शेतकऱ्याचे अडलेलेच राहते.

याबाबत वारणा खोऱ्याचा अनुभव बोलका आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी तेथे संगणकीय माहिती केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही पुरविण्याचा संकल्प होता. पुढे प्रत्यक्ष वापर तपासला असता आढळले, की शेतकरी मुख्यतः उसाची नोंद, तोडीचा परवाना, उसाचे वजन आणि खताची उचल यांसाठीच येत. २००६-०७ च्या सुमारास सात गावांत हीच माहिती मोबाईलच्या लघुसंदेशाने देऊन पाहण्यात आली. गरज भागली, खर्चही घटला. हा शोध आरंभीच घेतला गेला असता तर!

ग्रामपंचायतीला अशा पाहणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. ‘आपण समाधानी आहात काय?’ हा प्रश्न मात्र निरुपयोगी. केंद्रचालक समोर बसला असता ‘बरं चाललंय’ याखेरीज कोण काय सांगणार? त्यापेक्षा सदस्यांनी वा शिक्षकांनी घरी जाऊन विचारावे : मागील कामाला किती हेलपाटे पडले? मजुरी किती बुडाली? मिळालेल्या कागदाचे पुढे काय झाले? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपली नोंद स्वतः केली, की दुसऱ्याकडून करवून घेतली?

केंद्राकडे कधीच न फिरकलेल्यांकडे आधी जावे. मेंढरे घेऊन महिनोन्‌महिने बाहेर राहणारे मेंढपाळ, किंवा घरातील मोबाईल ज्यांच्या हाती नसतो त्या स्त्रिया, यांची नावे केंद्राच्या नोंदवहीत क्वचितच सापडतील. मिळालेली उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. आणि आवर्तनाची सूचना फलकाऐवजी दवंडीने द्यावी असे ग्रामसभेने ठरविले, तर ती तशीच द्यावी.